माझा सासरा आणि त्याचे नऊ चाकू

माझा सासरा आंघोळीलासुद्धा पट्टा दूर ठेवत नसे. बैलाच्या कातड्याचा रुंद पट्टा, त्याला नऊ म्यानं, नऊ म्यानांत नऊ चाकू. अंगावर पाणी घ्यायचा तेव्हा तो पट्टा कमरेचा काढून गळ्यात अडकवायचा. आलापल्लीच्या जंगलात त्याला नावाने कोणी हाक मारत नव्हतं. सारे चाकूभाऊ म्हणायचे, अन् तेही जरा दुरूनच.

मी चौथी शिकलो आणि पुढे आरा ओढला, तेव्हा जमतं तसं लिहितो. माझी बायको गिरजा गेली त्याला सात महिने झाले. ती असती तर म्हणाली असती, बाबाबद्दल गोड गोड लिहू नका. नाही लिहीत. तिचा बाप मारका माणूस होता.

पन्नास सालानंतरची गोष्ट. सागवान तोडणाऱ्या टोळीचा तो मेट होता. वीस-बावीस माणसं त्याच्या हाताखाली. मी त्याच टोळीत खड्ड्यात उभा राहून आरा ओढायचो. वरचा माणूस ओंडक्यावर, मी खाली, दिवसभर डोळ्यांत भुसा. चाकूभाऊ कुणाला दोनदा सांगत नसे. एकदा सांगायचा, दुसऱ्या वेळी हाणायचा. एकदा झाड पडायच्या बाजूलाच एक गडी बिडी पेटवत बसला होता. चाकूभाऊने त्याला केसाला धरून ओढलं. झाड पडलं, गडी वाचला, अन् मग त्या वाचलेल्या गड्याला त्याने असं तुडवलं की तो दोन दिवस उठला नाही. वर म्हणतो, "झाडानं मारलं असतं तं बोंबलाले तरी राह्यला असता का बे?"

प्रत्येक चाकूला वेगळं काम होतं. लांब पात्याचा डुकरासाठी, वाकडा कातडं सोलायला, पातळ मासोळीला, जाड बांबूला. एकाला दोन्हीकडून धार होती. त्याचं काम काय, असं कोणी विचारलं की तो विचारणाऱ्याच्या पोटाकडे पाहायचा. दसऱ्याला तो सगळे चाकू पाटावर मांडायचा, हळद-कुंकू लावायचा. बाकीचे लोक नारळ फोडून मोकळे व्हायचे. हा प्रत्येक चाकूने आपल्या डाव्या हातावर एक रेघ ओढायचा. "लोखंडाले उपाशी ठेवलं का ते आपल्या मनानं जेवाले जाते," म्हणायचा. त्याचा डावा हात खाटकाच्या ठोकळ्यासारखा दिसे.

नववा चाकू मात्र त्याच्या लेखी चाकूच नव्हता. ब्रह्मदेशच्या लढाईवरून आलेल्या एका लॉरीवाल्याकडून घेतलेला फौजी चाकू. मिटायचा. त्यात एक आखूड पातं, एक सुवा आणि डबा फोडायचा आकडा. त्याची कमान इतकी कडक की एका हाताने धरून दुसऱ्या हाताच्या नखाने ओढल्याशिवाय पातं बाहेर येत नसे. चाकूभाऊ तो लोकांना दाखवून हसायचा. "पाहा, साहेब लोक लढाईले जाते अन् डबे फोडून येते."

मी एकदा त्याचा डुकराचा चाकू न विचारता उचलला, बांबूची कांब सोलायला. त्याने तो माझ्या हातून घेतला, माझ्या दंडावर बोटभर लांब चीर दिली आणि चाकू परत माझ्या हातात ठेवला. "आता वळख झाली तुमची. वापर." काम संपल्यावर मला घरी घेऊन गेला तोही तोच. गिरजाने जखमेत हळद दाबली. "बाबा, या महिन्यात हा कितवा?" तिने विचारलं. "तिसरा," तो म्हणाला. आतून तिची माय बोलली, "बसा आता," अन् तो खाली बसला. मी पाहतच राहिलो. साऱ्या जंगलात त्याला बसवू शकणारी ती एकच बाई होती. ती अंगाने लहान, आवाजाने हळू. त्याने कोणावर हात उगारला की ती मनगट धरायची, अन् ते मनगट थांबायचं.

चैताचा महिना होता. मोहफुलं वेचायला माणसं उजाडताना जातात, अस्वलंही तेव्हाच येतात. आम्ही कामावर निघालो होतो. वाटेतच मोहाखाली गिरजाची माय वाकून वेचत होती. अस्वल झुडपातून निघालं आणि सरळ तिच्यावर गेलं. चाकूभाऊ दहा पावलांवर होता. धावला. मी त्याच्या मागे, हातात टंग्या, आमची लहान कुऱ्हाड. मला त्याचा उजवा हात दिसत होता. हात पट्ट्यावर गेला. लांब चाकूची मूठ धरली, सोडली. दुधारी धरली, सोडली. पुन्हा लांबावर आला. दोन श्वासांचा वेळ, जास्त नाही. तेवढ्यात अस्वलाने तिचं तोंड फाडलं. मग तो लांब चाकू हातासकट कोपरापर्यंत आत गेला, माझी टंग्याही दोनदा मानेवर बसली, अस्वल मेलं. तो मेलेल्या अस्वलाला भोसकतच राहिला. गिरजा टोपली घेऊन मागून येत होती, तिने हे सारं पाहिलं. माय दुपारपर्यंत जिवंत होती. तिला तोंड उरलं नव्हतं, त्यामुळे ती कोणाला काही बोलली नाही.

चाकूभाऊ रडला नाही. तेरवी झाल्यावर मला म्हणाला, "एकच असता तं हात थांबला नसता." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तो लोहाराकडे गेला, आम्ही दोघं-तिघं मागून. वाकड्याची भाजी चिरायची पावशी करून घेतली, बांबूच्या चाकूचा गवत कापायचा इळा. बाकीचे ऐरणीवर ठेवून स्वतःच घणाने फोडले. दुधारी चाकू फुटला तेव्हा त्याचा तुकडा उडून लोहाराच्या गालात घुसला. लोहार ओरडला, "चाकूभाऊ, तुमी काय मले अस्वल समजून राह्यले का?" आम्ही दोन पावलं मागे सरलो. चाकूभाऊने तुकडा चिमटीने ओढून काढला आणि पुन्हा घण उचलला. आठ संपले. पट्टा कापून त्याने बैलांच्या गळ्याचे पट्टे केले. उरला तो फौजी चाकू. तो बंडीच्या खिशात टाकला.

पुढे साऱ्या कामाला तोच. पायातला काटा सुव्याने, वहाणेचं शिवण सुव्याने, रॉकेलचा डबा आकड्याने, भाकरीबरोबरचा कांदा पात्याने. पण माणूस निवळला असं कोणी समजू नये. पट्टा गेला, हात तेच होते. महिनाभर त्याचा उजवा हात राहून राहून कमरेवर जायचा, तिथे काही सापडायचं नाही, अन् मग तो समोरच्याच्या थोबाडीत बसायचा. एका गड्याचा कान त्याने कायमचा बहिरा केला.

मी गिरजाला विचारलं, माझ्याशी लगन करतेस का. ती म्हणाली, "तुमी चांगले आहा. पन मी नाई येत. मायनं त्याले धरून ठेवलं होतं. आता मीच उरली. मी घरातून गेली का तो कोनाले तरी मारन अन् फासावर जाईन." माझ्याच दंडावर त्याची सही होती.

त्या हिवाळ्यात मी आणि चाकूभाऊ आलापल्लीच्या बाजाराला गेलो. भरदुपार, माणसांची गर्दी. एक गाडीवान बैल सोडून बसला होता. चाकूभाऊने कधीतरी कुपात, लाकूडतोडीच्या जागी, त्याला झोडपलं होतं. त्याने ह्याला पाहिलं अन् साऱ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "काऊन जी चाकूभाऊ, कमरेले नऊ चाकू अन् बायको अस्वलाले देली म्हनते?"

कोणी हसलं नाही. चाकूभाऊने डाव्या हाताने त्याचा गळा धरला आणि त्याचं डोकं गाडीच्या चाकावर आपटलं. एकदा, दोनदा. उजव्या हाताने खिशातला चाकू काढला. अंगठ्याने पातं ओढलं. निघेना. मांडीवर दाबून ओढलं. निघेना. मग दातात धरलं. कडकन आवाज आला, मला वाटलं उघडला. पुढचा दात तुटला होता. तोंडातून रक्त गाडीवानाच्या अंगावर पडत होतं. गाडीवानाचे डोळे बाहेर आले होते, तो पाय झाडत होता. कोणी पुढे आलं नाही. मीही नाही. खोटं कशाला लिहू.

चाकू उघडायचा तर गळा सोडावा लागत होता. त्याने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, मग उजव्या. मोहाखाली थांबला होता तसाच तो थांबला. मग गळा सोडला. गाडीवान कोसळला, रांगत गाडीखाली गेला. चाकूभाऊने दोन्ही हातांनी पातं उघडलं. गाडीवान हाताच्या अंतरावर होता, खोकत होता. चाकूभाऊ उघड्या पात्याकडे पाहत तिथेच उकिडवा बसला.

"लय वेळ लागते याले," तो मला म्हणाला. "तेवढ्यात माही पोट्टी डोयासमोर दिसली मले."

त्याने पातं मिटलं. परतीच्या वाटेवर दोन कोस रक्त थुंकत चालला. गाव दिसल्यावर म्हणाला, "गिरजीले सांगशील तं तुही जीभ कापीन."

"कायनं?" मी विचारलं.

बायको गेल्यापासून तो पहिल्यांदा हसला. तोंडात सारं रक्तच होतं.

दारात गिरजाने विचारलं, "दात कुठी गेला?"

"सुपारी फोडत होतो," तो म्हणाला. तिने पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर मला म्हणाली, "बाबाले इचारा. मी तयार आहो." वैशाखात आमचं लगन झालं. सासरा त्यानंतर चौदा वर्षं जगला. बाजेवर, तापाने, लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून, वैद्याला शिव्या देत मेला. सरकारने त्याला मारलं नाही आणि त्याने कोणाला ठार मारलं नाही. त्याच्यासारख्या माणसाबद्दल एवढं लिहिता येतं, हे मला कमी वाटत नाही.

त्या बाजाराची गोष्ट मी गिरजाला कधी सांगितली नाही. यंदा ती अंथरुणाला खिळली, डॉक्टरने घरी घेऊन जा म्हटलं, तेव्हा सांगून टाकली. ती डोळे मिटून ऐकत होती.

"बाबानं जन्मात कधी सुपारी खाल्ली होती का जी?" ती म्हणाली. "तोंडावर रक्त पाहून मले वाटलं, केला यानं कोनाचा खून. दिवस बुडेपर्यंत मी दारातच बसली, पोलीस येते म्हणून. सकायी पन बसली. कोनी आलं नाई. तवा समजली, हा मारता मारता आपल्या मनानं थांबला, आता बाप माह्याबिगर राहू शकते."

मी म्हटलं, "अन् मी इतकी वर्षं समजत होतो, त्या दिवशी बाजारातून घेतलेला नवा सदरा घालून विहिरीवर आलो, म्हणून तू हो म्हटलं."

गिरजाने डोळे उघडले. "कोनता सदरा?" ती म्हणाली.