टाके घातलेला बेडूक

माझा स्वभावच संशयी. दूधवाला माप ओतत असला की मी मापाकडे नाही, त्याच्या अंगठ्याकडे बघते. त्यामुळे शाळेच्या प्रयोगशाळेतले काका मला पहिल्या दिवसापासून खटकले, यात नवल नाही.

सगळे त्यांना मेणकाका म्हणत. बेडूक चिरायच्या ट्रेमधलं मेण वितळवून गुळगुळीत करावं ते त्यांनीच. सव्वीस वर्षं हेच काम. बोलणं मोजकं, नजर खाली. आणि तास संपून मुलं गेली की हे आतून कडी लावून घेत.

"काय करता हो आत?"

"साफसफाई."

एवढ्या साफसफाईत अख्खी शाळा धुऊन निघाली असती! एकदा त्यांच्या खणात मला सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ दिसलं. म्हटलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

मंगळवारी मी वर्गाला बेडकाचं हृदय दाखवत होते. मागून एक मुलगी ओरडली, "मॅडम, माझ्या बेडकाचं आधीच ऑपरेशन झालंय!"

वर्ग खो-खो हसला. मी जाऊन पाहिलं. पोटावर अकरा टाके, एकसारखे, नेटके.

म्हणजे वापरलेले बेडूक शिवून पुन्हा औषधाच्या बरणीत टाकायचे आणि नव्यांचे पैसे खिशात! खोटं कशाला बोलू, चोर सापडला म्हणून मला आनंदच झाला. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार दिली. काकांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. चोरी ठरली तर नोकरीही जाणार आणि पेन्शनही, हे मला ठाऊक होतं.

दुपारी काकांनी कडी लावायच्या आत मी प्रयोगशाळेत जाऊन बसले. "शिवा. मलाही बघू दे."

त्यांनी निमूटपणे एक बेडूक पुढे ओढला. "सकाळी वर्गात निघाला तो चुकून परत बरणीत गेला होता. चष्म्याची काच तडकलीय. बाकीचे मी मागच्या खड्ड्यात पुरतो. पण शिवल्याशिवाय नाही पुरत."

"का?"

"माझा मुलगा अपघातात गेला. पोस्टमॉर्टेम करून दिला, तो पोतं शिवतात तसा शिवून. त्याच्या आईनं चादर बाजूला केली..." सुई थांबली. "उघडलं, तर नीट मिटवायला नको का, मॅडम?"

मला माझीच लाज वाटली. तशीच उठून मुख्याध्यापकांकडे गेले. "सर, तक्रार परत घेते."

"मग टाके कुणी घातले?"

खरं सांगितलं असतं, तर काकांचा मुलगा या टेबलावर पुन्हा उघडा पडला असता. शिवाय सरांना ते पटलं असतंच असं नाही.

"मी घातले. शिकत होते."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. गेले चार महिने मी काकांकडे बघत होते, अगदी तसंच. "असं? उद्या माझ्यासमोर एक शिवून दाखवा."

मला साधं बटण लावता येत नाही.

मी परत प्रयोगशाळेत आले आणि आतून कडी लावली. काय कबूल करून आले ते काकांना सांगितलं. मग त्यांनी सुई माझ्या हातात दिली. पहिला टाका मी घाईघाईत ओढला.

"उसवा तो," काका म्हणाले. "त्याला दुखत नसलं म्हणून काय झालं?"