शाईतला निखारा

कोशाच्या कचेरीत सगळे त्यांना कार्डकाका म्हणायचे. तीस वर्षं एकच काम: बेटाबेटांवरच्या भाषांतले शब्द कार्डांवर उतरवायचे आणि खणांत लावायचे. पाचाला मलायात लिमा, टागालोगमध्ये लिमा, मालागासीत दिमी. हवाईत लिमा म्हणजे हात. त्यांवरून हजारो वर्षांपूर्वीच्या मूळ भाषेतला शब्द बांधायचा आणि त्याच्या डोक्यावर तारा काढायचा. तारा म्हणजे, हा शब्द कोणी ऐकलेला नाही.

कार्डांचा नियम साधा होता. ऐकलेलं शाईनं, अंदाज पेन्सिलीनं.

"काका, चहा तुमच्याकडून!" संपादकबाईंनी पान पुढ्यात ठेवलं. "मूळ भाषेतला नवा पूर्वज-शब्द सापडला. राखेखाली जपलेल्या निखाऱ्याचा शब्द. पश्चिमेकडच्या बेटांचा पुरावा होताच, पूर्वेकडचा तुमच्या कार्डानं दिला. पाच वाजता पान छापायला जातंय."

पानाला जोडलेल्या कार्डावर काकांचंच अक्षर, काळ्या शाईत.

शब्द इस्पितळातल्या एका म्हाताऱ्या खलाशाच्या नावावर होता. त्याच्या बेटाची भाषा बोलणारा तो शेवटचा. दोनशे शब्दांच्या यादीत एकशे एक्क्याण्णवाव्यानंतर त्याचा डोळा लागला. उरलेले नऊ काकांनी शेजारच्या भाषांवरून, नियमानं जसे असायला हवेत तसे, पेन्सिलीनं भरले. निखारा त्यांतलाच. उद्या विचारू. दुसऱ्या दिवशी खाट रिकामी होती. वर्षभरानं जीर्ण कार्डं नव्यांवर उतरवताना हात थांबलाच नाही. सगळं शाईत गेलं.

निवृत्तीला बारा दिवस उरले होते. गप्प बसलं तर विचारणार कोण? पण या शब्दावर उद्या दुसरे शब्द उभे राहतील.

साडेचार. काका पान घेऊन बाईंच्या टेबलाशी गेले.

"बाई, तो शब्द मी ऐकलेला नाही."

बाई हसल्या. "थट्टा करताय का?" मग त्यांचं हसू मावळलं. "असे किती?"

"नऊ."

"नक्की नऊच?"

सगळी कार्डं एकाच शाईत; कुठली ऐकलेली, काकांना खात्रीनं सांगता येईना. बाईंनी पानावर आडवी रेघ मारली आणि खलाशाचा खण ओढून टेबलावर ठेवला. "दोनशेच्या दोनशे तपासा. ऐकलेलं ठेवा, बाकीचं काढा. तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

पहिलं कार्ड: पाणी. आवाज आठवेना. दुसरं: दगड. नाही. खरोखर ऐकलं होतं, की आता तसं वाटतंय? चौदाव्या कार्डावर 'पाच' होतं. खलाशानं तो शब्द म्हणताना चादरीखालून हात काढून पंजा उघडला होता. अंगठ्याला नख नव्हतं.

ते एक कार्ड काकांनी उजवीकडे, ऐकलेल्यांत ठेवलं; डावीकडे तेरा होती. एकशे शहाऐंशी उरली होती.