पाठीवर टेकलेली चार बोटं

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

मी पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला. बोर्ली पंचतनजवळच्या आमच्या गावात कुणाच्या पाठीत उसण भरली की माझ्याकडे यायचे. मी पाठीला पाय लावायचो, ते ‘बरं वाटलं’ म्हणायचे. थोतांड आहे हे मला ठाऊक होतं... पण मान मिळायचा.

थोरल्या वहिनींची पाठ धरली तेव्हा त्या म्हणाल्या, “भावजी, उसण न्हाय ही. डॉक्टरकडं न्या.”

“गाडीत बसायची हौस आली वाटतं! पडा पालथ्या.”

नुसता पाय लावायचा असतो. मी भार दिला. आत कट्ट झालं. घरी सांगितलं — अंगणात घसरल्या. वहिनींनी ते ऐकलं, माझ्याकडे पाहिलं, बोलल्या नाहीत. पुढे वाकून चालल्या आणि वाकलेल्याच गेल्या.

गेल्या वर्षी मी धपकन बसलो आणि माझाही मणका चेपला. पनवेलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “कापाकापी नाही, आजोबा. सुईनं मणक्यात सिमेंट भरायचं.”

“स्लॅब टाकताय म्हणा की!”

सकाळचे अकरा. मी पालथा, भूल फक्त जागेपुरती, पूर्ण शुद्धीत. सिमेंट आत जाताना पाठीवर एक पाय टेकला — अनवाणी, हलका. बोटं चार. वहिनींच्या उजव्या पायाची करंगळी विळ्यानं गेली होती.

भुलीमुळे भास झाला म्हणू नका. सुई कळत नव्हती, बोटं मात्र मोजता आली. नंतर सिस्टरला विचारलं, तर म्हणाली, “ऑपरेशनात पाठीवर कोण पाय देईल, आजोबा?” एवढंच सांगतो, तो पाय दाबत नव्हता. नुसता टेकला होता, मी टेकवायला हवा होता तसा.

वहिनींच्या मुलांनो, त्या दिवशी अंगण कोरडं होतं. तुमची आई घसरली नव्हती. गावाला काय बोलायचं ते बोलू दे.

तो पाय पाठीवर असतानाच मी तोंड उघडलं होतं. डॉक्टरीणबाई ओरडल्या, “बोलू नका, हलू नका! सिमेंट घट्ट होतंय.” सिमेंट घट्ट झालं, तेव्हा तो पाय निघून गेला होता, पाठ मोकळी होती. उशीत तोंड खुपसून एवढंच बोलून झालं होतं —

“वहिनी, माझ्या पायानं...”