आधी बोलायची पाळी

"आत्या, पप्पा बोलून न्हाई राहिले..." मधल्या सुट्टीत शाळेत डबा उघडत होते, तेवढ्यात माझ्या भाचीचा, अश्विनीचा, फोन आला. मी लातूरहून नांदेडला पोचेपर्यंत अण्णा, माझा मोठा भाऊ, गेलेला होता. डोक्यातली नस फुटली, डॉक्टर म्हणाले. महिना उलटून गेला. फोन वाजला की अजून मी वर्गातही दचकते. बाई दचकल्या म्हणून पोरं हसतात. हसू देत.

नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करताना अण्णानं पदवी मिळवली आणि होस्टेलवर पोकर शिकला. यातलं दुसरंच त्यानं मन लावून केलं, असं वहिनी म्हणायची. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आम्ही सगळे अहमदपूरजवळच्या आमच्या रानात जमायचो. कडब्याची कोपी, लहानशी झोपडी, उभारून तिच्यापुढं पूजा व्हायची, भज्जी-आंबिलीचं जेवण झालं की बाकीचे लिंबाखाली आडवे व्हायचे आणि अण्णा घोंगडीवर पत्ते पिसायला बसायचा. पैशाच्या जागी चिंचोके. तीन पत्ती खेळणारे आमच्याकडं ढिगानं, पोकर मात्र त्यानं मलाच शिकवला, कारण माझ्याइतकं चिकाटीचं घरात कोणी नाही असं त्याचं मत. दोन पत्ते हातात, पाच हळूहळू मध्ये उघडायचे. मधला सगळ्यात मोठा पत्ता राजा असला आणि आपल्या हातातही राजा निघाला, की झाली वरची जोडी. मी लगेच ओंजळभर चिंचोके पुढं सारायची.

"सुनंदे, जोडी चांगली हाय, लई चांगली न्हाई," तो म्हणायचा. "आन् आधी बोलायचंय कुणाला? तुला. मागचा तुझं बघून ठरवणार. असल्या वक्ताला डाव लहान ठेवावा. नुसतं 'चेक' म्हणायचं, म्हंजी काई न लावता पाळी पुढं द्यायची, आन् गप बसायचं."

मला ते कधी जमलं नाही. मागून बोलणाऱ्याच्या हातात काय असेल या भीतीनंच मी हात मोकळा सोडायची आणि हरायची. अण्णा शांतपणे माझे चिंचोके ओढून घ्यायचा.

गेल्या येळवशीला त्यानं पत्ते काढले, पण पिसले नाहीत. डोकं दुखायचं म्हणून तपासलं, तर नसेला बारीक फुगा निघाला होता. ऑपरेशन करा, नाहीतर औषधं घेऊन ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा तपासत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. "वरची जोडी हाय गं माझ्याकडं," तो म्हणाला. "फुगा लहान हाय, बीपी काबूत हाय. डाव लहान ठेवतो."

"अण्णा, पुन्हा तपासायला कधी जाणार?"

"चेक," तो म्हणाला आणि हसला. पुढं दर रविवारी मी फोनवर त्याच्याशी भांडायची. गोळ्या त्यानं एकदाही चुकवल्या नाहीत, लोणचं सोडलं, पण पुन्हा तपासायला काही गेला नाही. बरं चाललंय तर कशाला उकरायचं, म्हणायचा. आमचा एवढा हुशार अण्णा इथं चुकला. पत्त्यांत समोरचाही घाबरतो, अंदाज बांधतो, कधी पत्ते टाकून देतो. नस कसला अंदाज बांधणार... अण्णासमोर कोणी बसलेलंच नव्हतं.

हे घराण्यात असू शकतं, भावंडांनी आणि मुलांनी तपासून घ्या, असं डॉक्टर तेराव्यानंतर भेटले तेव्हा म्हणाले. तेव्हापासून मी भीतीत जगते, हे सरळच सांगते. खाली वाकून झाडायला भीती, शिंकायला भीती, जरा कपाळ ठणकलं तरी हात थंड पडतात. एकदा लातुरात तपासणीच्या दवाखान्याच्या दारापर्यंत गेले, समोरच्या गाड्यावरून मेथीची जुडी घेतली आणि घरी आले. घरच्यांना वाटलं, भाजीलाच गेले होते.

परवाच्या रविवारी नांदेडला गेले. अण्णाच्या पलंगावर अश्विनी मांडी घालून बसली होती. तिनं पत्ते वाटले, माझे मी उचललेच नाहीत.

"तू तपासलंस का गं?" मी विचारलं.

"तुमी?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"तुमी केलं की मी करते, आत्या. मला लई भीती वाटून राहिली." ती चादरीकडं बघत बोलत होती. वहिनी आत भाकरी थापत होती, तिचा हात थांबल्याचं मला ऐकू आलं. माझ्या आधी बोलणारं आता घरात कोणी उरलं नव्हतं. मी गप्प बसले तर ही पोरगीही माझ्यामागं गप्प बसणार होती, आणि अण्णा गप्प बसल्यानं काय झालं ते आम्ही तिघींनी पाहिलं होतं.

"उद्या माझ्यासंगं लातूरला चल," मी म्हटलं. "आधी मी आत जाते."

अश्विनीनं पत्ते तसेच राहू दिले आणि माझा हात धरला. तिचा हात माझ्याहूनही गार होता.