विभूती लावलेली डाय

"काका, ह्ये बघा."

सुजातानं टारगेटचा कागद माझ्या टेबलावर ठेवला. पाच गोळ्या, आणि सगळी भोकं एकमेकांत मिसळलेली. रुपयाच्या नाण्याखाली झाकली असती.

मी सैन्यात आर्मोरर होतो, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. निवृत्तीनंतर बसवकल्याणजवळच्या एका रायफल क्लबात काडतुसं भरून देतो; क्लबाकडे तसा परवाना आहे. तो कागद पाहून मी खुर्चीवरून उठलोच. आतापर्यंत हिच्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत विखुरत होत्या.

सुजाता चिंताकी गावची, शाळेत शिकवते. रविवारी राज्य संघाची निवड होती. यंदा जमलं नाही तर नेमबाजी सोडायची, असं तिनं घरी कबूल केलं होतं.

"काय बदललीस?"

"काय बी न्हाई. रायफल तीच, काडतुसं तुमचीच."

हीच तर पंचाईत. का जमलं ते कळल्याशिवाय रविवारी पुन्हा कसं जमवणार?

उरलेली काडतुसं कॅलिपरनं मोजली. काडतुसाच्या पितळी नळीत, म्हणजे केसमध्ये, बुलेट किती आत बसवायची, याला सीटिंग डेप्थ म्हणतात. बॅरलमधले पीळ सुरू होतात तिथपर्यंत बुलेटला छोटी उडी मारावी लागते. बुलेट जास्त आत, तर उडी लांब. कुठली उडी मानवेल, हे ज्या त्या रायफलचं वेगळं. या काडतुसांत बुलेट नेहमीपेक्षा कागदाच्या जाडीएवढी आत होती.

बुलेट बसवणाऱ्या साच्याला डाय म्हणतात. माझ्या डायला दुसरं कुणी हात लावत नाही. तरी क्लबाचे मालक शरणप्पा अण्णांना विचारलं.

"खंडेनवमी झाली न्हाई का, सर? सगळी अवजारं उघडलो, घासलो, विभूती लावलो, परत बसवलो. कामून, चुकलं का?"

म्हणजे परत बसवताना डायचं माप सरकलं होतं. माझं डोकंच फिरलं. "अण्णा, बुलेट फार आत गेली की दाब वाढतो! रायफल फुटली असती, पोरीचा डोळा गेला असता!"

अण्णांचा चेहरा उतरला.

झाडलेल्या केसेस भिंगाखाली पाहिल्या. दाब वाढल्याची खूण नव्हती. मापही काडतूस भरण्याच्या कोष्टकातल्या मर्यादेत होतं. मग जुन्या मापाची आणि अण्णांच्या मापाची काडतुसं भरली. कुठली कोणती, ते सुजाताला सांगितलं नाही.

जुनी पुन्हा तळहातभर पसरली. अण्णांची पुन्हा एकात एक.

अंगावर काटा आला, खरं सांगतो. कागदाच्या जाडीचा फरक, आणि एवढ्या जड लोखंडाला तो कळतो! मी आपला महिनोन्महिने काडतुसातली दारू बदलत बसलो होतो.

रविवारी सुजाता त्याच मापाची काडतुसं घेऊन गेली. तिची निवड झाली. फोनवर तिला रडू आवरेना. अण्णा श्रेय विभूतीला देतात. मी वाद घालत नाही. हत्याराची पूजा जरूर करावी, फक्त आधी माप घ्यावं.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला अण्णा विभूती घेऊन दारातच थांबले.

"सर, उघडू का?"

"नको अण्णा. वरूनच लावा."