लाँड्रीसाठी समुद्रावरचा निबंध

"शैलजाताई, त्या बाईंना केस मागे घ्यायला सांगा." डॉ. केळकर खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले.

आमचं लॉ सेंटर कॉव्हेंट्रीत एका बुटांच्या दुकानाच्या वर होतं. ज्यांना सॉलिसिटर परवडत नाही त्यांना कायद्याची मदत फुकट देणारं ऑफिस म्हणजे लॉ सेंटर. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मी तिथे नोकरीच्या तक्रारी बघत असे. केळकर गावातल्या हॉस्पिटलात कन्सल्टंट आणि आमच्या मराठी मंडळाचे कायमचे अध्यक्ष. त्यांच्याविरुद्ध कुणी उभं राहत नसे. कारण मग त्यांना वाईट वाटलं असतं, आणि त्यांना वाईट वाटलं की भाषण आणखी लांबायचं.

'त्या बाई' म्हणजे विमल साळवे. त्याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत त्या कित्येक वर्षं दुपारच्या शिफ्टला होत्या. त्यांची मुलगी सुनीता शाळेतून घरी यायची तेव्हा आई कामावर गेलेली असायची, आणि आई परत यायची तेव्हा सुनीता झोपलेली असायची. नवरा कार फॅक्टरीत, त्याचीही शिफ्ट. पोर शेजारच्या आयरिश बाईकडे वाढत होती आणि मराठी विसरत चालली होती. लाँड्रीची सुपरवायझर जोन रिटायर होणार होती. सुपरवायझरचं काम फक्त दिवसाचं. विमलताईंना त्या हुद्द्याचं कौतुक नव्हतं. त्यांना संध्याकाळ हवी होती.

अर्ज करायला जोननेच सांगितलं होतं. पण तेवढ्यात मॅनेजमेंटला शहाणपण सुचलं. सुपरवायझर व्हायचं तर इंग्रजीची लेखी परीक्षा. एक पानभर निबंध, विषय 'समुद्रकिनाऱ्यावरचा एक दिवस'. कॉव्हेंट्रीतून समुद्र गाठायचा तर कुठल्याही दिशेला अर्धा देश ओलांडावा लागतो. आणि सुपरवायझरला लिहावं काय लागतं? किती चादरी आल्या, किती गेल्या, कुठल्या वॉर्डला. लाटांचं वर्णन कुठल्याच वॉर्डने मागितलं नव्हतं.

विमलताई नापास झाल्या. नुकतीच लागलेली एक इंग्रज मुलगी पास झाली.

"सगळ्यांना एकच पेपर होता," केळकर म्हणाले. "यात अन्याय कुठे आला? मीही इथे आलो तेव्हा इंग्लिशची परीक्षा दिली. पास झालो. रडत नाही बसलो. उगाच आपल्या लोकांची इमेज खराब होते."

केळकरांना सर्जन व्हायचं होतं. ते त्यांनीच एकदा मंडळात सांगितलं होतं. त्या जागा गोऱ्यांना मिळाल्या आणि यांना म्हाताऱ्यांच्या वॉर्डात पाठवलं. याला ते 'ऑपॉर्च्युनिटी' म्हणत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा असा.

"डॉक्टर, केस त्यांची आहे," मी म्हटलं. "त्या मागे घेणार नाहीत."

"मग माझा नाइलाज आहे. हॉस्पिटलने मला साक्षीला बोलावलंय." हे सांगताना नाइलाजाचा मागमूसही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता.

माझी बॉस मार्गारेट स्कॉटिश होती. तिला सगळ्यांचाच राग यायचा, त्यामुळे आमचं जमायचं. मी तिला अमेरिकेतल्या एका खटल्याचा निकाल दाखवला. तिथल्या दक्षिणेतली एक वीजकंपनी काळ्या कामगारांना फक्त हलक्या कामावर ठेवायची. नवा कायदा आला आणि ते उघडपणे करता येईना, तेव्हा चांगल्या जागांसाठी हायस्कूलचं सर्टिफिकेट आणि बुद्धीच्या परीक्षा. सगळ्यांना सारख्याच, अर्थात! तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तुमच्या मनात काय होतं ते आम्ही विचारत नाही. परीक्षेचा कामाशी संबंध नसेल आणि तिच्यामुळे काळे लोक बाहेर राहत असतील, तर ती चालणार नाही.

"अमेरिकेचा निकाल इथे बाइंडिंग नाही," मार्गारेट म्हणाली. "ट्रायब्यूनलच्या चेअरमनसमोर अमेरिकेचं नाव काढलंस तर तो चहाला उठेल."

"पण इथल्या कायद्यातलं कलम त्याच निकालावरून घेतलंय."

"घेतलंय. पण ते इंग्रज माणसाला ऐकवू नकोस. नुसतं कलम वाच."

ते कलम इनडायरेक्ट डिस्क्रिमिनेशनचं. म्हणजे नियम सगळ्यांना एकच, पण ठेच ठरावीक लोकांनाच लागते. आपल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. आपल्याकडे तर परीक्षेलाही न बसवता नापास करायची सोय पिढ्यान् पिढ्या होती. कोर्टात मात्र दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. एक, ही अट पुरी करू शकणारे आपले लोक इतरांपेक्षा खूपच कमी आहेत. दोन, कामाला त्या अटीची गरज नाही. दुसरीसाठी जोन होती. पहिलीसाठी आमच्याकडे काहीच नव्हतं. लाँड्रीतल्या बाकीच्या भारतीय बायका आमच्या मंडळातल्याच, पण नोकरी जाईल या भीतीने त्या साक्षीला येईनात. पहिली गोष्ट अडली की केस अडणार होती, आणि सुनीता मोठी होईपर्यंत विमलताई दुपारच्या शिफ्टलाच राहणार होत्या.

सुनावणी बर्मिंगहॅमला, इंडस्ट्रियल ट्रायब्यूनलमध्ये. हे नोकरीच्या तंट्यांचं कोर्ट. तिथे विग नाही, झगे नाहीत. एक चेअरमन आणि दोन मेंबर. अहंकार मात्र पूर्ण गणवेशात.

जोन आधी आली. मी विचारलं, "तुम्ही ही परीक्षा दिली होती?"

"नाही, लव्ह. माझ्या वेळी नव्हती. दिली असती तर नापास झाले असते. मला समुद्र आवडतच नाही."

एक मेंबर हसला. हॉस्पिटलचा बॅरिस्टर हसला नाही. त्याने केळकरांना बोलावलं.

केळकर नवा सूट घालून आले होते. परीक्षा योग्य आहे, माफक आहे, मी स्वतः भारतीय असून मला तीत काही गैर दिसत नाही, असं त्यांनी उत्तम इंग्रजीत सांगितलं. बॅरिस्टर समाधानाने बसला. एक भारतीयच हॉस्पिटलच्या बाजूने बोलतोय म्हटल्यावर आणखी काय हवं!

मी उठले तशी मार्गारेटने माझी बाही ओढली. उत्तर माहीत नसेल तो प्रश्न साक्षीदाराला विचारायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. पण उत्तर मला माहीत होतं. मी पुण्याची आहे.

"डॉक्टर केळकर, तुम्ही आणि लाँड्रीतल्या या भारतीय बायका एकाच मंडळात जाता. तुम्ही सगळे एकसारखेच, असं म्हणायला हरकत नाही ना?"

केळकर ताठ झाले. "नो, नो. सर्टनली नॉट. आमचं एज्युकेशन, आमचं बॅकग्राउंड वेगळं. दे आर अ डिफरंट क्लास ऑल्टुगेदर."

"मग त्यांच्यातल्या किती जणी ही परीक्षा पास होतील?"

"त्यांच्यातल्या?" ते हसले. "एकही नाही. मी त्यांना वर्षानुवर्षं ओळखतो."

बॅरिस्टरने डोळे मिटून घेतले. चेअरमनने पेन उचललं. "नॉट वन, डॉक्टर?"

"नॉट वन, सर."

चेअरमनने ते लिहून घेतलं. जी गोष्ट सिद्ध करायला माझ्याकडे एक माणूस नव्हता, ती हॉस्पिटलच्याच साक्षीदाराने फुकटात करून दिली. आपण त्यांच्यातले नाही एवढं सांगण्यासाठी हा गृहस्थ काहीही बोलला असता.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मला हसू आवरेना. विमलताई हसत नव्हत्या. साक्ष चालू असताना त्या माझ्या मागेच बसल्या होत्या.

"ताई, ते खोटं नाही बोलले," त्या म्हणाल्या. "पण किती खुशीत बोलले."

माझं हसू तिथेच थांबलं. मला केळकरांचा इतका राग आधी कधी आला नव्हता.

आम्ही जिंकलो. ट्रायब्यूनलने परीक्षा बेकायदा ठरवली. हॉस्पिटलने निबंध गुंडाळला, नव्याने इंटरव्ह्यू घेतले आणि विमलताई सुपरवायझर झाल्या. समुद्राशिवाय लाँड्री नीट चालली.

त्या वर्षीच्या गणपतीत केळकर स्टेजवर उभे राहिले. "आपल्या मंडळाच्या मिसेस साळवे यांनी केस जिंकली," ते म्हणाले. "आणि मला सांगायला अभिमान वाटतो, की त्यात माझ्या साक्षीचा वाटा मोठा होता." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. इतकं खरं ते आधी कधी बोलले नव्हते.

विमलताई दरवर्षी हॉलच्या किचनमध्ये पुऱ्या लाटायच्या. त्या वर्षी त्या आल्याच नाहीत. मध्येच केळकरांच्या मिसेस बाहेर आल्या आणि चिडून मला विचारू लागल्या, "अहो, साळवेबाई कुठे आहेत? पीठ तसंच पडलंय."

"घरी आहेत," मी म्हटलं. "त्यांना आता संध्याकाळची सुट्टी असते."

नव्या वकिलांना मी एवढंच सांगते. समोरचा साक्षीदार गर्विष्ठ असेल तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याला फक्त विचारा, तुम्ही यांच्यातलेच का? आणि पेन तयार ठेवा.