मोरीचा मुरघास

आशाबाई लग्न होऊन सासरी आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं सासऱ्याला चारा खाताना पाहिलं. गोठ्याच्या दाराशी उभे राहून कडूबा मक्याच्या हिरव्या ताटाचा तुकडा शांतपणे चावत होते. नवी सून भांबावली. सासू मनकर्णाबाई हसून म्हणाली, "घाबरू नको माय. ते आधी खात्यात, मंग गाईला घालत्यात. मी आले तवापासून असंच हाय."

पुढं काही वर्षांनी मनकर्णाबाई गेली. तिनं माहेराहून आणलेल्या गाईची नात, मोरी, तेवढी दावणीला राहिली. कडूबा मुळात कमी बोलणारे. बायकोचं नाव तर ते कधीच काढत नसत. पण संध्याकाळी मोरीच्या गळ्याखाली हात फिरवत बराच वेळ बसून राहत.

एका वर्षी वैजापूरकडं पाऊस मध्येच थांबला तो थांबलाच. आशाबाईचा नवरा बन्सी जेवताना म्हणाला, "चारा संक्रांतीपर्यंत बी टिकायचा नाय. दिवाळी झाली की मोरीला बाजारात न्यावं लागंल." कडूबांनी अर्धी भाकरी तशीच ठेवली आणि हात धुतले.

आशाबाईच्या ते मनाला लागलं. गावात जनावरांच्या डॉक्टरांनी बायकांना मुरघास करायला, म्हणजे हिरवा चारा हवाबंद मुरवून साठवायला शिकवलं होतं. बन्सी मक्याची हिरवी कणसं शहरात औरंगपुऱ्यातल्या भुट्टेवाल्यांना देई. मागं राहिलेली ताटं रानातच वाळून जात, मग त्यांना जनावर नीट तोंड लावत नसे. ती हिरवी असतानाच कापायची, कुट्टी करून खड्ड्यात दाबायची, असं तिनं ठरवलं.

"मातीत गाडला तर चारा कुजंल, दुसरं काय हुईल?" कडूबा म्हणाले.

"लोणचं मुरतं का नाय बरणीत, मामा? तसंच. फकस्त हवा लागू द्यायची नाय. दीड महिना उघडायचं नाय."

"मोरी लोणचं खात नाय."

तरी कुट्टी तुडवायला तेच उतरले. त्याआधी पाय दगडानं घासून धुतले. "तिच्या तोंडात जायचंय," एवढंच म्हणाले. आशाबाई गूळ-मिठाचं पाणी शिंपडत गेली, ते थरावर थर तुडवत गेले. वर प्लास्टिक अंथरून मातीनं लिंपलं.

विसाव्या दिवशी सकाळी आशाबाईला एका कोपऱ्यावरची माती उकरलेली दिसली. शेजारी अनवाणी पायाचा ठसा होता. चव बघितल्याशिवाय कडूबांना राहवलं नव्हतं. प्लास्टिक त्यांनी नुसतं ओढून वर दगड ठेवला होता. तिनं कुट्टी पुन्हा दाबली, चिखल कालवला, कोपरा लिंपून टाकला. घरात कुणाला बोलली नाही.

दिवाळीच्या चार दिवस आधी खड्डा उघडला. त्या कोपऱ्यात टोपलंभर काळी बुरशी निघाली.

"ती करणी माझी हाय," कडूबा मान खाली घालून म्हणाले.

"मला ठाव हाय."

"मंग बाकीचं कसं राहिलं?"

"मी लिंपलं परत."

"मला का बोलली नाय?"

"मोरीपायी धीर निघाला नाय तुमाला. त्यात काय बोलायचं?"

कडूबांनी बुरशीचा कोपरा स्वतः उकरून लांब नेऊन टाकला. मग पिवळसर, आंबूस वासाची चिमूटभर कुट्टी तोंडात घातली. डोळे मिटून चावली. "आंबट हाय," ते म्हणाले. आणखी चिमूटभर तोंडात घालून म्हणाले, "चांगली हाय."

मोरीनं पहिल्या दिवशी हुंगून तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी वाळल्या चाऱ्यात कालवून दिली, तेव्हा निवडून निवडून खाल्ली. तिसऱ्या दिवशी टोपलं येण्याआधीच हंबरायला लागली. बन्सी खड्ड्याच्या काठावर उभा राहून अंदाज घेत राहिला. "उन्हाळ्यापर्यंत पुरंल," म्हणाला. मोरीला बाजारात न्यायचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

मोरी पुढं सहा वर्षं त्याच दावणीला राहिली. कडूबा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. मोरीच्या दोन लेकी त्यांच्या गोठ्यात आहेत, आणि सकाळची धार अजून तेच काढतात.